टेक्ससमधल्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोत शाळांसाठी घर घ्यावं का? तिथे अजून नव्या शाळा निघतायत का?

डॅलसला बदली आणि मुलं शाळेतली, म्हणून तुम्ही विचारताय. मी फ्रिस्कोच्याच स्कूल डिस्ट्रिक्टमधला (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) एक पालक. घर खुशाल घ्या, पण ‘इथे लवकरच शाळा होणार’ या एजंटच्या भरवशावर घेऊ नका.

2000 साली फ्रिस्कोची वस्ती 34 हजारांच्या आत होती, 2020 मध्ये ती दोन लाखांवर गेली. त्या काळात जवळजवळ दर ऑगस्टला नवी शाळा उघडायची. आता जुन्या सबडिव्हिजनमधली (वसाहतींमधली) मुलं कॉलेजला गेली, घरं महागली, तरुण जोडपी जवळच्या प्रॉस्पर-सेलिना या गावांकडे सरकली. पट घटतोय. स्टेली मिडल स्कूल तर 2025 मध्ये बंदच केलं.

मला इथलं आवडतं ते म्हणजे हायस्कूलं मुद्दाम लहान ठेवलीत, साधारण 2100 मुलांपर्यंत. म्हणून ती बारा आहेत. शेजारच्या ॲलन डिस्ट्रिक्टला एकच अवाढव्य हायस्कूल. त्यांनी 2012 मध्ये सुमारे 6 कोटी डॉलर खर्चून 18 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं आणि दोन वर्षांत भेगा पडल्या म्हणून बंद ठेवलं! फ्रिस्कोच्या पोरांचे सामने डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाच्या फोर्ड सेंटरमध्येही होतात, कारण ते बांधण्यात शहर आणि डिस्ट्रिक्ट दोघांची भागी आहे. शाळा बारा म्हणजे टीमही बारा, त्यामुळे बेताच्या खेळाडूलाही जागा मिळते. याची दुसरी बाजू म्हणजे रिझोनिंग. पट इकडेतिकडे झाला की कुठलं घर कुठल्या शाळेला, त्या हद्दी बदलतात, आणि पालकांची डोकी तापतात.

पैशाचंही समजून घ्या. इमारत बाँडच्या (कर्जरोख्यांच्या) पैशातून होते, पण शिक्षकांचे पगार आणि विजेचं बिल वेगळ्या खात्यातून. बाँडचा पैसा तिकडे वळवता येत नाही. 2016 मध्ये मतदारांनी या रोजच्या खर्चासाठीची करवाढ फेटाळली, तेव्हा चार नव्या शाळा उघडणं पुढे ढकललं. मेमोरियल हायस्कूल त्यामुळेच 2018 मध्ये सुरू झालं. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्याची बरीचशी भरपाई प्रॉपर्टी टॅक्समध्ये होते, हे हप्त्याचा हिशोब करताना धरा.

आणि पत्त्यात ‘फ्रिस्को’ आहे एवढ्यावर जाऊ नका. शहराचे काही भाग प्रॉस्पर, लुइसव्हिल किंवा लिटल एल्म डिस्ट्रिक्टमध्ये येतात. उलट शेजारच्या प्लेनो-मॅकिनी शहरांतली काही घरं फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये आहेत, त्यातली थोडी स्वस्तही पडतील. ऑफर देण्याआधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर तो पत्ता टाका आणि एलिमेंटरी, मिडल, हाय अशा तिन्ही शाळा बघून घ्या.