पंक्चर झालं तर?

“मॅडम, एवढं एक घेतलं ना, की मग टेन्शन नाही.”

सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की समोरचा ‘एवढं एक’ म्हणाला की मी पेन खाली ठेवते. पूर्वी ते स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून यायचं. आणखी एक टेस्ट सिरीज, आणखी एक नोट्सचा गठ्ठा. सोलापुरात पहाटे पळणारे आणि हेल्मेट घालून सायकल हाणणारे वाढले, तसं ते चाळिशीतल्या गृहस्थांकडून यायला लागलं. कोणतं घड्याळ घेऊ? कार्बनची सायकल नसली तर चालेल का? तयारी पुरेशी झाली हे ओळखायचं कसं? दर महिन्याला एक जण तरी असतोच, म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांची परवानगी आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

त्यांना सतीश म्हणू. वय बेचाळीस, टेरी टॉवेलच्या कारखान्यात उत्पादन बघतात. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला नाव नोंदवलेलं. म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची, मग २१.१ किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. (त्याला ७०.३ म्हणतात, कारण तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज तेवढी होते. हे मला कळायला दोन सत्रं लागली.) नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातल्या माणसानं समुद्र पोहायचं मनावर घ्यावं, याचंच मला आधी कौतुक वाटलं.

ते स्वतःहून आले नव्हते. “ह्यांना झोप नाही, आणि घरात आठवड्याला एक खोकं येतंय,” असं त्यांच्या पत्नीनं फोनवर सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी सतीशनी मोबाइलवर एक्सेलचा तक्ता उघडून माझ्यासमोर धरला. “घेतलेलं हिरवं, घ्यायचं राहिलेलं लाल. बघा की.”

हिरव्यात पेडलला अडकणारे बूट, तिन्ही प्रकारांत अंगावर ठेवायचा ट्रायसूट, हँडलवर बसवायचे एरोबार, छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा, तीन गॉगल, घरात सायकल चालवायचा ट्रेनर. लालमध्ये पायांचा जोर मोजणारा पॉवर मीटर, कार्बनची चाकं आणि थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा वेटसूट.

“गोव्याच्या कोमट पाण्यात वेटसूट?”

“तिथं नाही लागत ओ. पण पुढंमागं दुसरीकडं कुठं गेलो तर…”

वाक्य तिथंच राहिलं. माझ्या ते लक्षात आलं नाही, हे कबूल करते. मी वहीत ‘खर्च, झोप, घरचे’ असं लिहिलं आणि नेहमीच्या वाटेनं गेले. महिनाभर काही विकत घ्यायचं नाही, असं ठरवून घेतलं. त्यांनी ते पाळलंही. फक्त रात्री दोनपर्यंत जागून चाकांचे रिव्ह्यू बघायला लागले. खोकी थांबली, झोप आणखी गेली. समुपदेशकांनी अशा चुका लपवू नयेत. खरेदी बंद केल्यानं काळजी बंद होत नाही, हे मला पुस्तकात माहीत होतं, पण शिकवलं या माणसानं.

मधली तीन-चार सत्रं रोजच्या सरावाच्या कटकटींत गेली. एप्रिल लागला होता. “मॅडम, मी मागं चाललोय. जानेवारीत ज्या वेगाला ठोके १४५ होते, त्याच वेगाला आता १६० दाखवतंय.” घड्याळ दर सकाळी त्यांना नापास करत होतं. मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. छातीच्या ठोक्यांचा प्रश्न समुपदेशकानं बोलून सोडवायचा नसतो. छातीत दुखणं, चक्कर, धाप असेल तर माझ्या खोलीत येऊच नये, थेट दवाखाना गाठावा. तपासण्या नीट आल्या आणि डॉक्टरांनीच सांगितलं, की उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी बरंच रक्त कातडीकडे वळतं, घामानं पाणी कमी होतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाला जास्त काम पडतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत पळणं वेगळं आणि दुपारी पारा ४३ च्या वर जाणाऱ्या गावात पळणं वेगळं. पहाटे साडेचारला निघालं तरी तापलेला डांबरी रस्ता पुरता निवलेला नसतो. आकडा खोटा नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला जात होता. आमच्या कामात निम्मे दिवस एवढंच करायचं असतं.

तशीच गोष्ट बुडालेल्या सरावाची. कारखान्यात रात्रपाळी बघावी लागली आणि दोन दिवस गेले, की सतीश तिसऱ्या दिवशी तिन्ही दिवसांचं एकदम करायला जायचे आणि चौथ्या दिवशी गुडघा धरून बसायचे. दोन दिवसांच्या विश्रांतीनं महिन्यांची कमाई वाहून जात नाही. बुडालेला सराव उसनवारी समजून फेडायला जाऊ नका, हे मी सगळ्यांनाच सांगते. फार थोडे ऐकतात.

पाचव्या सत्राच्या आदल्या रात्री मी त्यांची वही चाळत होते. त्यांचेच शब्द लिहून ठेवायची माझी सवय आहे. एका पानावर खाली खाली नजर गेली आणि मी चहा बाजूला ठेवला.

विजापूर रोडला कुत्री मागं लागली तर. उसाची डबल ट्रॉली अंगावर आली तर. सर्व्हिस रोडला बाभळीचा काटा घुसला तर. समुद्रात खाली तलावासारखी काळी पट्टी नसते, दिशा चुकली तर. बायको कंटाळली तर. पंक्चर झालं तर.

सगळी वाक्यं ‘तर’पाशी तुटलेली. चार सत्रांत या माणसानं एकही वाक्य पूर्ण केलं नव्हतं, आणि मी प्रत्येक वेळी ते कानाआड करून पुढचा प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “कारखान्यात लूमवर ताण्याचा धागा तुटला तर?”

ते माझ्याकडे बघत राहिले. “तर काय? लूम आपोआप थांबतो. धागा शोधायचा, गाठ मारायची, फणीतून ओढायचा, चालू करायचा.”

“आणि लूमच बिघडला तर?”

“जॉबर बघंल. त्याला नाही जमलं तर तेवढा लूम बंद, बाकीचे चालू. त्याला काय हुतंय?”

“घाबरता का?”

“रोजचंच आहे ओ मॅडम.”

“बरं. पंक्चर झालं तर?”

बराच वेळ काही नाही. पंख्याचा आवाज. मग हळूच, “तर… संपलं की.”

“काय संपलं?”

“माहीत नाही. तिथपर्यंत मी जातच नाही.”

या उत्तरासाठी मी हा व्यवसाय करते, असं म्हटलं तर जरा मोठेपणा होईल. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी खूश होते. धागा तुटण्याच्या ‘तर’ला त्यांच्याकडे उत्तर होतं, कारण हातांनी ते हजार वेळा दिलं होतं. पंक्चरच्या ‘तर’ला उत्तर नव्हतं, म्हणून ते त्याच्यापुढे पैसे मोजत होते. वस्तूला किंमत असते, रंग असतो, ती अमुक दिवशी घरी पोचते. भीतीचं तसं काही नसतं. मनाला विकत घेता येणारा प्रश्न आवडतो. मग एक खोकं येतं, दोन दिवस बरं वाटतं, आणि अर्धं राहिलेलं वाक्य परत डोकं वर काढतं.

मी ज्या विवेकनिष्ठ विचारात वाढले, त्याचे जनक, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस, स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचे. एकोणीस वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायला लागले. शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायला एकच कबूल झाली, आणि तीही आली नाही. ‘नकार मिळाला तर’ हे वाक्य त्यांनी शंभर वेळा शेवटपर्यंत नेलं. मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा हा किस्सा जास्त उपयोगी पडलाय.

पुढच्या वेळी मी सतीशना सायकलचं चाक घेऊन यायला सांगितलं. आले, तेही मागचं, गिअरची दातेरी चाकं असलेलं. मी जमिनीवर जुनी चादर अंथरली. बॅगेतून त्यांनी दोन ट्यूब, टायर उचकटायचे दोन प्लॅस्टिकचे लिव्हर आणि हवेची नळकांडी काढली. सगळं सीलबंद. सात महिने ते सामान त्यांच्याबरोबर फिरत होतं.

“कधी बदललीय ट्यूब?”

“व्हिडिओ बघितलाय.”

पहिल्या खेपेला त्यांनी नवी ट्यूब तशीच चपटी आत सारली आणि टायर चढवताना लिव्हरनं चिमटली. फुस्स. कपाळाला घाम, हात काळे, चौतीस मिनिटं गेलेली आणि एक ट्यूब वाया. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते खो खो हसायला लागले. दुसऱ्या खेपेला ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली, आणि टायरच्या आतून बोट फिरवलं. एका जागी थांबले. नखानं उकरून एक बारीक काळं टोक काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बाभळीचा काटा. तो तसाच राहिला असता तर नवी ट्यूबही चार किलोमीटरवर गेली असती. या वेळी एकोणीस मिनिटं. शेवटचा टप्पा त्यांनी लिव्हरला हात न लावता अंगठ्यांनी चढवला.

चाक मांडीवर तसंच घेऊन, माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले. “मॅडम, गल्लीतली पोरं डिजिटल बोर्ड लावणार आहेत. माझा फोटो, सायकल, ‘आयर्नमॅन’ लिहून. नाही झालं पूर्ण तर…”

मी गप्प बसले. आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच.

“तर… डिजिटल उतरवायचा.” थोड्या वेळानं, “वडील म्हणतील, सांगितलं हुतं तुला. म्हणू देत. ते मी मॅट्रिकपासून ऐकतोय.” आणि मग अगदी खालच्या आवाजात, “लई वाईट वाटंल.”

“किती दिवस?”

“आठ-पंधरा दिवस.”

तो तक्ता नंतर त्यांनीच मोडला. लाल रकान्यातलं सगळं गेलं, फक्त एक वस्तू नवी आली: बारीक तोंडाच्या ट्यूबला रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप बसावा म्हणून लागणारा पितळी अडॅप्टर. खिशात हरवेल एवढा.

तुम्हीही ‘काय घेऊ’च्या फेऱ्यात असाल तर आधी एवढं करून बघा. वस्तूचं नाव कागदावर लिहा आणि ती कोणत्या ‘तर’साठी घेताय ते पुढं लिहा. मग तो ‘तर’ पूर्ण करा, खरंच शेवटपर्यंत. कुत्रं मागं लागलं तर? वेग कमी करीन, उतरीन, सायकल मधे धरीन. दिशा चुकली तर? दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून बघीन, चार मीटर जास्त पोहीन. उत्तर हातांनी करून बघण्यासारखं असेल तर एकदा करूनच बघा. समुद्राची भीती वाटते म्हणून चौथा गॉगल आणू नका. जाणत्या माणसाबरोबर, जीवरक्षक असेल तिथे, उघड्या पाण्यात उतरा. बऱ्याचदा एवढ्यावर ती वस्तू नकोशी होते. कधी कधी ती खरंच लागते, तेव्हा बिनधास्त घ्या. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि चांगले बूट यांवर मी कुणाशीच वाद घालत नाही. घरच्यांना किमतीबरोबर वेळही सांगा. सतीशच्या पत्नीची तक्रार खोक्यांची नव्हतीच, ती रविवारांची होती. तो ‘बायको कंटाळली तर’ पूर्ण करायला त्या दोघांना मी समोरासमोर बसवलं, आणि तो तासभर वेगळीच गोष्ट आहे.

आणि झोप महिनोन्‌महिने उडाली असेल, जेवण जात नसेल, स्पर्धेचा विषय नसतानाही छाती धडधडत असेल, तर तो प्रश्न सायकलचा नाही. तेव्हा वेळेवर मदत घ्या.

सतीश गोव्याहून आठवड्यानं आले, नाक सोललेलं, हातात शेंगाची चटणी. ९० किलोमीटरमध्ये एकदाही पंक्चर झालं नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटत होतं. पण पाण्यात कुणाचा तरी हात लागून गॉगल गेला होता. “थांबलो. म्हटलं, धागा तुटला. छातीवर पोहत राहिलो, डोळे चुरचुरले, बाहेर आलो.” आठ तास नऊ मिनिटं.

निघताना खिडकीतून खाली बघत त्यांनी विचारलं, “पांढरी गाडी तुमचीच ना? मागचं चाक बसलंय. स्टेपनी आहे?”

“आहे की.”

“बदलता येते?”

मी पेन खाली ठेवलं.