आंब्याखालचं वेडेलिया

प्रश्न : आंब्याच्या सावलीत लॉन टिकेना म्हणून वेडेलिया (जमिनीलगत पसरणारं, पिवळ्या फुलांचं झाड) लावलं. पसरलं छान, पण फुलं नाहीत आणि मधल्या काड्या उघड्या पडल्यात. – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सावलीत ते जगतं, पण पिवळी फुलं ऊन मिळाल्याशिवाय यायची नाहीत. आंबे उतरवून झाले की खालच्या फांद्या विरळ करून घ्या. पाऊस लागला की वाफा चार बोटं ठेवून कापा. पेरापेरातून मुळं फुटतात, त्यामुळे कापलेल्या काड्याच उघड्या जागी खोचा. युरिया नको, नुसता पाला माजतो.

कळकळीने सांगते, उरलेली छाटणी ओढ्याकाठी टाकू नका. जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत हे आहे. ओल्यात पडलेला तुकडाही रुजतो आणि आपलं गवत दडपून टाकतो. काड्या उन्हात कडकडीत वाळवा, मगच कंपोस्टमध्ये घाला.