तारखेचा शोध रेंगाळतो तेव्हा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोलर या शोध-सर्व्हरवर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असा शोध घेतला की व्यवस्था रेंगाळते, ही तक्रार पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांकडून वारंवार येते आणि प्रत्येक पत्रासोबत कुणीतरी सुचवलेला एक ऐकीव उपायही येतो. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या वृत्तपत्रांची सूची आहे. १ जानेवारी १९७० पूर्वीच्या तारखांचा शोध संथ होतो, असे ऐकले. मग १९ डिसेंबर १९६१च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या सुमाराचे अंक वेगळ्या इंडेक्समध्ये (शोधासाठी तयार केलेल्या सूचीत) ठेवावेत का? (पणजी)

उत्तर : नाही. सोलर वेळ १ जानेवारी १९७०पासून मोजतो, म्हणून त्याआधीची तारीख ऋण संख्या म्हणून साठवली जाते आणि ऋण संख्येचा शोध धन संख्येइतकाच वेगाने होतो.

प्रश्न : देवस्थानच्या पावत्यांच्या तारखा आम्ही ‘०५-०१-२०२४’ अशा मजकूर स्वरूपात ठेवल्या आहेत. शोध संथ आहेच, शिवाय निकालही विचित्र येतात. दुरुस्ती चवथीनंतर करायची ठरली होती, आता शिगम्यानंतर करू म्हणतात. (फोंडा)

उत्तर : विचित्र येणारच. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते, त्यामुळे ५ जानेवारी २०२४ ही तारीख १९ डिसेंबर २०१९च्या आधीची ठरते. फील्ड (नोंदीतील तारखेचा रकाना) ‘डेट पॉइंट’ या तारखेसाठीच्या प्रकारचे करावे आणि तारखेनुसार क्रम लावायचा असल्यास ‘डॉक व्हॅल्यूज’ (क्रम लावण्यासाठी मूल्ये वेगळी मांडून ठेवण्याची सोय) चालू ठेवावे. जुन्या माहितीपत्रकांत दिसणारा ‘ट्राय’ हा तारखेच्या फील्डचा जुना प्रकार सोलरच्या ७व्या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवला गेला आहे, तो नव्याने घेऊ नये. मात्र स्कीमात (फील्डांचे प्रकार ठरवणाऱ्या आराखड्यात) प्रकार बदलल्याने आधीच्या नोंदी आपोआप बदलत नाहीत; मूळ माहितीवरून संपूर्ण रीइंडेक्स करावे, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधावे लागते. म्हणून आधी बॅकअप घ्यावा, प्रतीवर प्रयोग करावा आणि ज्यांनी ही व्यवस्था उभारली त्यांना सोबत घेऊनच हात घालावा. राहिला प्रश्न शिगम्याचा. रोज फाडली जाणारी प्रत्येक पावती चुकीच्या स्वरूपात जमा होत आहे, हे समितीला स्पष्ट सांगावे.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या आरक्षण-प्रणालीत ‘गेल्या सात दिवसांतील नोंदी’ हा पडदा दर वेळी तितकाच वेळ घेतो. वापरता वापरता कॅशे (आधीचे निकाल हाताशी ठेवणारी मेमरी) तापून, म्हणजे भरत जाऊन, वेग वाढेल, असे सांगण्यात आले. लॉगच्या (सर्व्हरच्या कामाच्या नोंदवहीच्या) दोन ओळी जोडत आहे. (कळंगुट)

उत्तर : कॅशे तापणार नाही, कारण आपण त्याला तशी संधीच देत नाही. आपल्या दोन ओळींत एकाच पडद्यासाठी गेलेल्या दोन क्वेरी, म्हणजे सोलरला विचारलेले शोध-प्रश्न, आहेत. पहिलीत खालची मर्यादा १०:४२:०७.३११ अशी आहे, तर दुसरीत १०:४२:०९.८५४. माणसाला हा एकच प्रश्न वाटतो, परंतु सोलरच्या दृष्टीने हे दोन निराळे फिल्टर (निकाल गाळणाऱ्या अटी) आहेत, कारण ‘फिल्टर कॅशे’मध्ये नोंद सापडण्यासाठी फिल्टर तंतोतंत तोच असावा लागतो. प्रणालीने घड्याळ पाहून वेळ भरली काय किंवा क्वेरीत नुसते ‘नाऊ’ (आत्ताची वेळ) लिहिले काय, हिशेब मिलिसेकंदापर्यंत जातो आणि प्रत्येक क्लिकला सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. एका फिल्टरच्या नोंदीला दर दस्तऐवजामागे एक बिटपर्यंत जागा लागते. एक कोटी दस्तऐवज असतील तर ही नोंद साडेबारा लाख बाइटपर्यंत जाते. सोलरसोबत येणाऱ्या नमुना मांडणीत अशा ५१२ नोंदींची सोय असते, म्हणजे ही मेमरी ६४ कोटी बाइटांपर्यंत पोहोचते, आणि ती पुन्हा कधीच न लागणाऱ्या फिल्टरांनी भरून गेली की खोलीचा प्रकार, तालुका यांसारखे खरोखर उपयोगी फिल्टर बाहेर ढकलले जातात. तारखेचा शोध मंदावला म्हणून तक्रार येते खरी, पण तोवर बाकीचे शोधही मंदावलेले असतात.

उपाय असा, की मर्यादा दिवसापर्यंत राउंड करावी : खाली ‘नाऊ/डे’ उणे सात दिवस, वर ‘नाऊ/डे’ अधिक एक दिवस. तारखेची अट स्वतंत्र ‘एफक्यू’मध्ये (क्वेरीतील फिल्टरच्या घटकात) ठेवावी, इतर अटींशी जोडू नये. राउंड केल्याने ताजी आरक्षणे वगळली जातील, ही भीती निराधार आहे. वरची मर्यादा पुढच्या मध्यरात्रीची असल्यामुळे कमिट झालेली, म्हणजे पक्की होऊन शोधासाठी खुली झालेली, नोंद दिसतेच, फक्त खालच्या टोकाला काही तासांच्या नोंदी जादा येतात. जेथे सेकंदाचाही फरक चालणार नाही, तेथे त्या फिल्टरपुरते कॅशे बंद ठेवावे. तसेच दर सेकंदाला कमिट होत असल्यास हे सर्व व्यर्थ आहे, कारण कमिटनंतर नवा ‘सर्चर’ (इंडेक्स वाचून शोध घेणारा भाग) उघडला की जुने कॅशे टाकून दिले जाते. कमिटमधील अंतर किती वाढवता येईल, हे आरक्षण विभागाशी बोलल्याशिवाय ठरवू नये.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, मेमरी दुप्पट करा आणि वरचा प्लॅन घ्या. घ्यावा का? (मडगाव)

उत्तर : आधी त्याच्याकडून पुरावा मागावा. संथ क्वेरीला ‘डीबग टायमिंग’ हा वेळेचा तपशील देणारा घटक जोडून वेळ नेमका कुठे जातो हे त्याने आपल्यासमोर दाखवावे. ते न करता दिलेले दरपत्रक बाजूला ठेवावे. दोष क्वेरीत असेल तर मोठे यंत्र तेच निरर्थक काम करत राहील. शिवाय सगळी मेमरी जाव्हाच्या हीपला (सोलर ज्या जाव्हावर चालतो, तिच्या राखीव मेमरीला) दिली तर इंडेक्सच्या फायली हाताशी ठेवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला काही उरत नाही आणि वेग घटतो. मेमरी खरोखर कमी पडते अशाही व्यवस्था असतात, म्हणून ज्याचा विक्रीत वाटा नाही अशा जाणकाराला लॉग दाखवून मगच सही करावी.

प्रश्न : पहाटे साडेपाचपर्यंत ‘आज’च्या यादीत कालच्या नोंदी दिसतात. सर्व्हरचे घड्याळ बिघडले आहे का? (डिचोली)

उत्तर : घड्याळ ठीक आहे. सोलर दिवस यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) मोजतो, आणि तेथील मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. क्वेरीत ‘टीझेड’ (टाइम झोन) हा घटक ‘एशिया/कोलकाता’ असा द्यावा.