फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये येताय? मग हे आधी ऐका

फ्रीमेसन ही स्वतःचे विधी असलेली जुनी बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची शाखा. कुणी बोलावेल म्हणून वाट पाहू नका, स्वतःहून विचारा. दोन सदस्यांनी तुमचं नाव सुचवावं लागतं. मग मुलाखत, आणि शेवटी गुप्त मतदान: पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. यात काही महिने सहज जातात.

ईश्वरावर श्रद्धा हवी, धर्म कुठलाही चालेल. १९६१ साली स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियात, म्हणजे इथल्या लॉजांच्या वरच्या संस्थेत, ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर शपथ घेतात. मुंबईत तर १८४३ मध्येच माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने भारतीयांना प्रवेश देणारं 'रायझिंग स्टार' लॉज निघालं होतं.

दीक्षेच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधतात. घाबरू नका, थट्टा कुणी करत नाही. फक्त यूट्यूबवर सगळा विधी आधीच पाहून येऊ नका, सगळी मजाच जाते. पदव्या तीन: अप्रेंटिस, फेलोक्राफ्ट, मास्टर मेसन. प्रत्येक वेळी प्रश्नोत्तरं पाठ करावी लागतात, तेव्हा घरी मोठ्याने म्हणून बघा. सभेत राजकारण आणि धर्मावर वाद घालायचा नाही. आपल्याकडच्या काहींना हेच सर्वात जड जातं!

धंद्याच्या ओळखींसाठी येत असाल तर नकोच. वर्गणी, कोट-पँटचा सूट, सभेनंतरचं जेवण, दानधर्म, सगळा खर्च आधी विचारून घ्या. आणि सभेच्या रात्री घरी उशीर होतो, हे बायकोला आत्ताच सांगून ठेवा.