गॉथिक 'सुनुस्' म्हणजे काय? आपली 'सून' त्यातूनच आली का?

तुम्ही विचारलंय की गॉथिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातली, गॉथ लोकांची जुनी भाषा) बायबलमध्ये वारंवार येणाऱ्या 'सुनुस्' या नामाचा अर्थ काय, ते आलं कुठून, चालतं कसं, आणि मराठीतल्या 'सून'शी त्याचं काही नातं आहे का.

'सुनुस्' म्हणजे मुलगा, पुत्र. 'सून' मात्र त्यातून आलेली नाही. तो शब्द संस्कृत 'स्नुषा'चा: स्नुषा, प्राकृतात सुण्हा, मग मराठीत सून. लॅटिन नुरुस्, ग्रीक नुओस् हे त्याचे नातलग, आणि त्या सगळ्यांचा अर्थही सूनच. 'सुनुस्'चा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृतातला 'सूनु'. मराठीत तो बोलण्यात उरला नाही, मुलगा, लेक, पोरगा यांनी त्याची जागा घेतली. पण ज्या 'सू' (जन्म देणे) या धातूपासून तो झाला, तो धातू आपल्या घरात पक्का बसलाय. प्रसूती त्यातली, सुईण त्यातली, अंजनीसुत म्हणतो तो 'सुत'ही त्यातलाच. 'सूतक'सुद्धा. संस्कृतात तो शब्द मुळात जन्माच्या अशौचाचा, मराठीत तो मृत्यूकडे गेला आणि जन्माला 'सोयर' राहिलं. म्हणजे 'सुनुस्' या शब्दाचा मूळ अर्थ 'जन्माला घातलेला'.

हाच शब्द इंग्रजीत सन, जर्मनमध्ये झोन, रशियनमध्ये सिन झाला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, तो 'हुनु' आहे, पण तिथे तो दुष्टांच्या पोरांसाठी वापरतात आणि सज्जनांच्या मुलाला 'पुथ्र' म्हणतात. एका शब्दाच्या नशिबी काय काय येतं!

गॉथिक आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः बिशप वुल्फिलामुळे. त्याने चौथ्या शतकात डॅन्यूब नदीच्या दक्षिणेला, आजच्या बल्गेरियाच्या भागात, गॉथ लोकांसाठी लिपी तयार करून बायबलचं भाषांतर केलं. त्याची सगळ्यात प्रसिद्ध प्रत सहाव्या शतकात इटलीत लिहिली गेली. जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली ही प्रत आज स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. मूळच्या 336 पानांपैकी 188 उरली आहेत.

त्यातलं मार्कच्या शुभवर्तमानातलं एक वाक्य घ्या. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी होते: 'थु इस् सुनुस् मीन्स्, स लिउबा.' तू माझा प्रिय पुत्र आहेस. एकेक शब्द उचलून बघा. 'थु' म्हणजे आपला तू. 'इस्' म्हणजे असि. 'स' म्हणजे संस्कृतातला सः. आणि 'लिउबा', म्हणजे प्रिय, हा 'लुभ्' धातूच्या घरचा. लोभ म्हटलं की आपल्याला हाव आठवते, पण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो तिथला लोभ हाच. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्थासाठी कोश उघडावाच लागला नाही.

आता व्याकरण. मला सगळ्यात प्रिय भाग हा. 'सुनुस्' उकारान्त पुल्लिंगी आहे. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'गुरुः गुरू गुरवः' तुमच्या तोंडात असेलच, त्याच चालीवर 'सूनु' चालवा आणि शेजारी गॉथिक ठेवा. एकवचन: प्रथमा सुनुस् (सूनुः), द्वितीया सुनु (सूनुम्), चतुर्थी सुनौ, षष्ठी सुनौस् (सूनोः). संबोधन कुठे सुनु, कुठे सुनौ, आणि संस्कृतात हे सूनो. अनेकवचन: प्रथमा सुन्युस् (सूनवः), द्वितीया सुनुन्स् (सूनून्), चतुर्थी सुनुम्, षष्ठी सुनिवे. नामांचं द्विवचन गॉथिकमध्ये गळून गेलंय आणि विभक्त्याही कमी झाल्यात. 'सुनौ' वापरात चतुर्थी असली तरी तिचं रूप बहुधा जुन्या सप्तमीचं आहे. आपली 'सूनौ' आठवा. संस्कृताने चतुर्थी वेगळी जपली: ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला विनवलंय की 'पितेव सूनवे', बाप जसा मुलाला, तसा तू आम्हाला सहज भेटणारा हो.

त्यातलं 'सुनुन्स्' जरा जवळून बघा. शाळेत आम्हाला 'शत्रून् + च = शत्रूंश्च' हा संधी पाठ करायला लावला होता. मधेच हा 'श्' कुठून टपकला, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. संस्कृत आणि गॉथिक ज्या एकाच जुन्या भाषेतून आल्या, त्या मूळ भाषेत द्वितीया अनेकवचनाचा प्रत्यय 'न्स्' होता. संस्कृतात शेवटचा 'स्' लोपला, पण पुढे च किंवा त आला की तो पुन्हा डोकं वर काढतो. गॉथिकने तो उघडाच ठेवलाय: सुनुन्स्. वर्गात घोकलेल्या नियमाचं कारण मला डॅन्यूबकाठच्या भाषेत सापडलं, त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

म्हणून माझं सांगणं असं की नातं ठरवताना एकटा शब्द धरू नका, त्याचं चालणं बघा. 'सून' आणि 'सुनुस्' नुसते ऐकायला सारखे, पण सूनु आणि 'सुनुस्' विभक्तीमागून विभक्ती जुळत जातात. असे प्रत्यय कुणी उसने घेत नाही.

उकारान्त नामं गॉथिकमध्ये तिन्ही लिंगांत आहेत: 'हान्डुस्' (हात) स्त्रीलिंगी, 'फेहु' नपुंसकलिंगी. हे 'फेहु' म्हणजे आपला 'पशु', फक्त तिकडे त्याचा अर्थ धन, पैसा असा झाला. प चा फ आणि श च्या जागी ह, हे जर्मानिक भाषांचे (गॉथिक, इंग्रजी, जर्मन यांच्या कुळाचे) नेहमीचे बदल. 'सुनुस्'मध्ये असं बदलणारं व्यंजनच नाही, म्हणून तो इतका ओळखीचा वाटतो. फक्त दीर्घ ऊ ऱ्हस्व झालाय.

मूळ मजकूर वाचणार असाल तर एक लक्षात ठेवा: लेखनिकांनी काही ठिकाणी प्रथमेच्या जागीही 'सुनौस्' लिहिलंय, लूकच्या चौथ्या अध्यायात तसं दिसतं. तिथे षष्ठी समजून अर्थ लावायला गेलात तर वाक्य लागणार नाही.

आणि हा शब्द जिवंत ऐकायचा असेल तर लिथुएनियन माणसाला त्याच्या भाषेत मुलाला काय म्हणतात ते विचारा. तो म्हणेल 'सूनुस्'. मग 'मुलाचा' कसं म्हणायचं ते विचारा. 'सूनाउस्.'