कर्बची ओपनिंग किती लांब ठेवायची?

प्रश्न: सिव्हिल थ्रीडी या रस्ता-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉरिडॉर (रस्त्याचं त्रिमितीय मॉडेल) तयार झालाय, पण कर्बमधून (रस्त्याच्या उंच कडेतून) पावसाचं पाणी आत जायची ओपनिंग किती लांब ठेवायची आणि मॉडेलमध्ये कशी दाखवायची?

उत्तर: आधी लांबी ठरवा, मॉडेल नंतर. उतारावरचं सगळं पाणी एकाच ओपनिंगमध्ये घ्यायचा हट्ट नको, अमेरिकेच्या एचईसी-२२ या रस्त्यांच्या पाणीनिचऱ्याच्या मॅन्युअलमधल्या सूत्राने पूर्ण पाण्याला लागते त्याच्या निम्मी लांबी दिली तरी जवळपास ७१ टक्के पाणी आत जातं, उरलेलं पुढच्या ओपनिंगच्या हिशोबात धरायचं. रस्त्याचा लांबीच्या दिशेचा उतार वाढला की ओपनिंगची लांबीही वाढते, म्हणून ओपनिंगसमोर गटर (कर्बलगत पाणी वाहतं ती पट्टी) थोडं दाबून खोल घ्या, याने खरंच खूप फरक पडतो. मग तेवढ्या चेनेजला (रस्त्यावरच्या अंतराला) कॉरिडॉरचं रीजन, म्हणजे तो भाग, स्प्लिट करून दबलेल्या गटरची वेगळी असेंब्ली (रस्त्याच्या आडव्या छेदाचा साचा) लावा, आणि दोन्हीकडे ट्रान्झिशन ठेवा नाहीतर सरफेसला पायरी येते. सरफेसवर वॉटर ड्रॉप ही कमांड वापरून पाणी कुठे जातंय ते बघाच.

सॅगमध्ये, म्हणजे दोन्हीकडचे उतार मिळतात त्या खोलगट जागी, मात्र काटकसर अजिबात करू नका, तिथलं पाणी पुढे जाऊच शकत नाही आणि पहिल्याच पावसात पालापाचोळा, प्लास्टिकने तोंड बुजतं, दोन्ही बाजूंना एकेक जादा ओपनिंग द्या.