सायटोकाइनला संप्रेरक म्हणावं का?

आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: 'सायटोकाइन'ला (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनाला) 'संप्रेरक', म्हणजे हॉर्मोन, म्हटलं तर चालेल का? आणि 'प्रतिकारसंस्था व अंतःस्रावी संस्था (संप्रेरकं स्रवणाऱ्या ग्रंथी) परस्परांशी संवाद साधतात' हे वाक्य बरोबर आहे ना?

नुसती व्युत्पत्ती पाहिली तर चालावं. 'संप्रेरक'मध्ये सम् आणि प्र हे उपसर्ग आणि 'ईर्' हा धातू, म्हणजे हलवणं, चालना देणं. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ साली 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला, तोही 'चालना देणे' अशाच अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. 'सायटोकाइन'मध्येही ग्रीकच: पेशी आणि हालचाल. तिन्ही शब्द एकाच गोत्राचे.

शरीरही ही सीमा फारशी पाळत नाही. फ्लूमध्ये अंगात कणकण येते (काय नेमका शब्द आहे!), तेव्हा पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या इंटरल्यूकिन-१ सारख्या सायटोकाइनची वर्दी मेंदूतल्या अधश्चेतकाला (हायपोथॅलॅमसला) लागलेली असते. तो ताप चढवतो आणि शिवाय पियुषिकेला (पिट्यूटरी ग्रंथीला) कामाला लावतो, पियुषिका मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून कॉर्टिसॉल हे संप्रेरक सुटतं. हे कॉर्टिसॉल रक्तातून फिरून त्याच पांढऱ्या पेशींना म्हणतं, 'पुरे आता.' इथे सायटोकाइनने संप्रेरकाचंच काम केलं की.

तरीही माझं मत 'नको' असंच. संप्रेरक म्हटलं की वाचकाला इन्सुलिन आठवतं, थायरॉइड आठवतं. ग्रंथीतून स्रवणारं काहीतरी. शिवाय कोविडच्या काळात 'सायटोकाइन वादळ', म्हणजे सायटोकाइनांचा शरीरालाच घातक ठरणारा भडिमार, बातम्यांतून घरोघरी पोचलं. ते शमवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे औषध कॉर्टिसॉलच्याच घराण्यातलं, कारखान्यात बनवलेलं. सायटोकाइन आणि हे औषध, दोघांनाही एकच शब्द लावलात तर 'संप्रेरकांचं वादळ शमवण्यासाठी संप्रेरक दिले' असं वाक्य होईल, आणि रुग्णाचे नातेवाईक चक्रावतील.

'संवाद साधतात' चुकीचं नाही, पण ते सभेच्या वृत्तान्तातलं वाटतं. इथे निरोप जातात, आणि उलट निरोपात बरेचदा दटावणी असते. मी लिहीन: 'प्रतिकारसंस्था आणि अंतःस्रावी ग्रंथी एकमेकींना रक्तावाटे निरोप धाडतात आणि आवरतातही.'

सायटोकाइन पहिल्यांदा येईल तिथे 'पेशींनी सोडलेली निरोप्या प्रथिनं' एवढं सांगा, पुढे नुसतं सायटोकाइन. नपुंसकलिंगी ठेवा: ते सायटोकाइन, ती सायटोकाइनं.